सर्वांत थोर परफॉर्मन्स कार कोणती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या डिचोली-साखळीकडची आम्ही सात-आठ माणसं गेली कित्येक वर्षं रविवारी पहाटे चोर्ल्याच्या घाटात गाड्या घेऊन जातो. परतताना साखळीच्या बाजारात भाजी-पाव आणि चहा होतो, आणि वादाला तिथेच तोंड फुटतं. प्रश्न ठरलेले असतात. नव्याने येणारी मुलंही तेच विचारतात, म्हणून माझी उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत. ती सगळ्यांना पटतील असं नाही. आमच्यातल्या दोघांना पहिलंच उत्तर मान्य नाही.

आढेवेढे न घेता सांगा, सर्वांत थोर कोणती?

मॅकलारेन एफ१. १९९२ साली ती जगापुढे आली, सगळ्या मिळून १०६ बनल्या, आणि माझ्या मते आजवर तिच्या तोडीची गाडी झाली नाही.

दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या गॉर्डन मरे यांनी ती आखली. त्याआधी त्यांचं आयुष्य फॉर्म्युला वनच्या गाड्या बनवण्यात गेलं होतं. तिथे ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब असतो. तोच हिशेब त्यांनी रस्त्यावरच्या गाडीला लावला. सांगाडा कार्बन फायबरचा, वजन साडेअकराशे किलोंच्या आत. इंजिन बीएमडब्ल्यूचं, ६.१ लिटरचं, बारा सिलिंडरचं, इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा टर्बो न लावता ६२७ अश्वशक्ती देणारं. इंजिनाच्या खोलीला आतून सोन्याचा वर्ख लावलेला आहे, कारण उष्णता परतवण्यात सोन्याचा हात धरणारा पदार्थ मिळणं कठीण. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही, ब्रेक दाबायला मदत करणारा बूस्टरही नाही. चालक आणि रस्ता यांच्यामध्ये जे जे येत होतं ते मरे यांनी काढून टाकलं.

आणि चालकाची सीट मधोमध. दोन प्रवासी त्याच्या दोन्ही बाजूंना, जरासे मागे. घाटात गाडी चालवणाऱ्याला हे पटकन कळेल. आपण उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवं चाक कुठे आहे ते बरोबर कळतं, डावं चाक मात्र अंदाजानेच गटारापासून लांब ठेवतो. मधे बसलं की दोन्ही चाकं सारख्याच अंतरावर येतात आणि अंदाज उरतच नाही.

खरं म्हणजे ही गाडी शर्यतीसाठी बनवलेलीच नव्हती. तरी गिऱ्हाइकांच्या आग्रहावरून तिची शर्यतीची आवृत्ती काढली, आणि १९९५ मध्ये तिने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली, तीही भर पावसात. पहिल्या पाचांत चार गाड्या याच होत्या.

पण आज तिच्याहून वेगवान गाड्या आहेत. मग ती थोर कशी?

वेगाचा आकडा शिळा होतो. ३१ मार्च १९९८ रोजी जर्मनीत एरा-लेसियनच्या चाचणी मार्गावर अँडी वॉलेस यांनी एफ१ ताशी ३८६ किलोमीटरपर्यंत नेली. २००५ मध्ये बुगाटी व्हेरॉनने ४०७ गाठले, २०१० मध्ये तिच्याच सुपर स्पोर्टने ४३१. २०१९ मध्ये त्याच मार्गावर त्याच वॉलेस यांनी बुगाटीचीच शिरॉन ४९० पर्यंत नेली. २०२५ मध्ये चीनच्या यांगवांग यू९ एक्स्ट्रीमने ४९६ केले, तेही विजेवर. दर वेळी आधीची गाडी वहीत एक ओळ खाली सरकते. शिरॉनचा विक्रम तर एकाच दिशेने धावून केलेला आहे. दोन्ही दिशांची सरासरी काढली की वाऱ्याचा आणि उताराचा फायदा निघून जातो, म्हणून जाणकार सरासरीच मागतात.

यातला एक हिशेब मला फार बोलका वाटतो. व्हेरॉनची ताकद १००१ अश्वशक्ती, एफ१ ची ६२७. म्हणजे ताकद दीडपटीहून जास्त, आणि वेगात वाढ किती? २१ किलोमीटर. याचं कारण हवा. वेग दुप्पट केला तर हवेचा अडथळा चौपट होतो, आणि तो तोडायला लागणारी ताकद आठपट. त्यामुळे वरचे वीस-पंचवीस किलोमीटर मिळवायला आणखी चार टर्बो, आणखी रेडिएटर, आणखी वजन अंगावर घ्यावं लागतं. व्हेरॉनमध्ये दहा रेडिएटर आहेत. ती अभियांत्रिकीची फार मोठी कामगिरी आहे, मी तिला कमी लेखत नाही. पण एरा-लेसियनला जवळजवळ नऊ किलोमीटर सरळ रस्ता आहे, म्हणून तो आकडा निघाला. म्हापशाहून पर्वरीपर्यंत एकही वळण नाही, एकही गाडी नाही, अशी कल्पना करून पाहा. आपला मांडवीवरचा अटल सेतू ५.१ किलोमीटरचा. व्हेरॉन तो ४५ सेकंदांत संपवेल, आणि त्या ४५ सेकंदांत चालकाला स्टिअरिंग सरळ धरण्यापलीकडे काम नसेल.

मग परफॉर्मन्स म्हणजे तुमच्या लेखी काय?

गाडीने चालकाला खरं सांगावं, आणि वेळेवर सांगावं.

हे मला मामाच्या पॅलिओमध्ये कळलं. १.६ लिटरची, १०० अश्वशक्तीची, सचिन तेंडुलकर जिची जाहिरात करायचा ती. मी नुकतंच लायसन काढलं होतं. पावसाळा संपत आला होता, आणि मामाने मला केरीच्या वर घाटात स्टिअरिंग दिलं. मी ते दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. मामा म्हणाला, "हात सैल सोड रे. ती सांगतेय, तू ऐक." सैल सोडल्यावर पहिल्यांदा जाणवलं: वळणात शिरताना स्टिअरिंग जड होत जायचं, म्हणजे पुढची चाकं रस्ता धरून आहेत. झाडाखालच्या शेवाळलेल्या काळ्या पट्ट्यावर चाक आलं की तेच स्टिअरिंग क्षणभर हलकं व्हायचं, लोण्यातून सुरी जावी तसं. पकड कमी झाली हे डोळ्यांना दिसण्याआधी तळहाताला कळत होतं. आमचा वेग तेव्हा चाळीसच्या वर नव्हता.

ज्या गाडीत हे चाळीसवर कळतं ती माझ्या दृष्टीने परफॉर्मन्स कार. ज्या गाडीत दीडशेवरही काही कळत नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो, तिच्या बॉनेटखाली कितीही घोडे असोत, तिला मी फक्त वेगवान म्हणेन.

बीएचपी पाहायचा की टॉर्क?

दोन्ही, पण वेगवेगळ्या कामासाठी. टॉर्क म्हणजे चाकाला मिळणारा पीळ, आणि पीळ गुणिले फिरण्याचा वेग म्हणजे बीएचपी, म्हणजेच अश्वशक्ती. चढावर थर्ड गिअरमध्ये गाडी न गुदमरता उचलते ती टॉर्कमुळे. सरळ रस्त्यावर ती शेवटी कुठवर जाईल ते बीएचपी ठरवतो. माहितीपत्रकात कमाल टॉर्क किती आणि तो किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर मिळतो, ते दोन्ही वाचा. नुसता पहिला आकडा अर्धवट माहिती देतो.

वजनावर तुम्ही एवढे का अडून बसता?

कारण वजन प्रत्येक ठिकाणी आडवं येतं. पिकअपमध्ये, ब्रेकमध्ये, वळणात, टायरच्या आयुष्यात, पेट्रोलच्या बिलात. ताकद फक्त पळवते. हलकेपणा पळवतो, थांबवतो आणि वळवतोही.

१९९६ ची लोटस एलिझ घ्या. ११८ अश्वशक्ती म्हणजे आजच्या चांगल्या हॅचबॅकएवढी. पण वजन सव्वासातशे किलोंच्या घरात, कारण ॲल्युमिनियमचे भाग वेल्डिंग न करता चिकटवून सांगाडा बनवला होता. टनामागे हिशेब केला तर १६० च्या पुढे अश्वशक्ती होते. दोन टनांच्या आणि दोनशे अश्वशक्तीच्या एसयूव्हीचा तोच हिशेब शंभरावर थांबतो. शोरूममध्ये दोनशेचा आकडा मोठा वाटतो, घाटात एलिझ दिसेनाशी होईल.

फेरारी एफ४० ला तुम्ही दुसऱ्या स्थानावर का ठेवता?

ठेवताना मला त्रास होतो. १९८७ मध्ये, कंपनीला चाळीस वर्षं झाली म्हणून ही गाडी आली. कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी यांच्या हयातीत निघालेली ही शेवटची नवी गाडी, पुढच्याच वर्षी ते गेले. २.९ लिटरचं व्ही८, दोन टर्बो, ४७८ अश्वशक्ती. आत गालिचा नाही, रेडिओ नाही, दार उघडायला हँडलच्या जागी एक दोरी. डॅशबोर्डखाली सांधे चिकटवलेला गोंदसुद्धा दिसतो. कुणाला हे ओबडधोबड वाटेल, मला ते प्रामाणिक वाटतं.

मग कमी कुठे पडली? टर्बोत. त्या काळच्या टर्बोंना जागं व्हायला वेळ लागायचा. पाय दाबला की आधी काहीच होत नसे आणि मग सगळं एकदम होत असे. वळणाच्या मधोमध ते "एकदम" आलं तर चालकाची परीक्षा असते. एफ१ च्या इंजिनात टर्बो नाही, म्हणून पाय जेवढा दाबाल तेवढंच आणि तत्काळ मिळतं. खरं वेळेवर सांगणं म्हणतो ते हेच.

तिची समकालीन पोर्शे ९५९ अगदी उलट विचाराची होती. चारही चाकांना संगणकाने वाटून दिलेली ताकद, टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, आणि १९८६ मध्ये पॅरिस-डकार रॅलीत विजय. आजच्या महागड्या गाड्या पाहिल्या तर त्या एफ४० पेक्षा ९५९ च्याच वंशातल्या वाटतात. प्रभाव हा एकच निकष असता तर ९५९ वर आली असती. आमच्यातले ते दोघे हेच म्हणतात, आणि मला त्यांना खोडून काढता आलेलं नाही.

आणि पोर्शे ९११?

एक गाडी निवडायची नसून एक घराणं निवडायचं असेल तर ९११, प्रश्नच नाही. १९६३ मध्ये फ्रँकफर्टला ती ९०१ या नावाने दाखवली. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला, म्हणून ९११ झाली.

तिचं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे टांगलेलं आहे, आणि तत्त्वतः हे चुकीचं आहे. वळणात घाबरून एकदम पाय उचलला की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि इंजिनाच्या ओझ्याने गाडीचा मागचा भाग बाहेर झुलतो. जुन्या ९११ मध्ये अनेकांना हे फार महागात पडलं. पण त्याच ओझ्यामुळे मागच्या टायरला पकड मिळते आणि वळणातून बाहेर पडताना ती जमिनीला नखं रोवून निघते. साठ वर्षं ही माणसं तोच दोष हातात घेऊन बसली आणि घासूनपुसून त्याचा गुण करून दाखवला. अशी चिकाटी मला दुसऱ्या कुठल्याही मोटारीत दिसली नाही.

जपानी गाड्यांवर अन्याय होतोय का?

होतो, बऱ्याचदा. १९९० ची होंडा एनएसएक्स ही ॲल्युमिनियमच्या मोनोकॉकची, म्हणजे सांगाडा आणि अंग एकाच कवचाचं असलेली गाडी. फॉर्म्युला वनचे विजेते आयर्टन सेना यांनी नमुना चालवून सांगितलं की सांगाडा आणखी ताठ हवा, आणि होंडाने तो केला. सकाळी ऑफिसला नेता येईल आणि काचेतून बाहेरचं नीट दिसेल अशी सुपरकार बनू शकते हे तिने दाखवलं. मरे स्वतः एफ१ आखताना एनएसएक्सकडे मापदंड म्हणून पाहत होते. माझ्या यादीत तिचा मान यामुळेच वाढतो.

निसान जीटी-आर वेगळी. २००७ ते २०२५ अशी अठरा वर्षं चाललेली आर३५ तिप्पट किमतीच्या गाड्यांना मागे टाकायची. तिच्याबद्दल आदर आहे, पण ती जड आहे आणि निर्णय चालकाच्या आधी तीच घेते.

रॅलीच्या गाड्या यादीत का नाहीत?

असायला हव्यात. लान्सिया डेल्टाने १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षं कंपन्यांचं जागतिक रॅली विजेतेपद जिंकलं, आणि तिची इंटेग्राले ही रस्त्यावर विकली जाणारी आवृत्ती पाच दारांची, घरगुती दिसणारी हॅचबॅक होती. आपल्याकडच्या रस्त्यांना खरं पाहता एफ१ पेक्षा तीच शोभेल.

विजेच्या गाड्या या वादात बसतात का?

बसतात, आणि त्यांना हसणाऱ्यांनी एकदा चालवून पाहावी. क्रोएशियाच्या रिमाक नेवेराला चार चाकांना चार मोटारी आहेत, मिळून १९१४ अश्वशक्ती. शंभरचा वेग दोन सेकंदांच्या आत. त्याहून मोठी गोष्ट अशी की प्रत्येक चाकाला किती पीळ द्यायचा ते वेगवेगळं ठरवता येतं. दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या कुठल्याही डिफरन्शियलला हे इतक्या चटकन जमलेलं नाही.

माझी अडचण वजनाची. ती दोन टनांहून जड आहे. बॅटरी हलकी झाली की मला माझं पहिलं उत्तर पुन्हा तपासावं लागेल, आणि ते मी करीन.

गोव्यात असली गाडी वापरता येईल का?

महामार्गावर आणि पुलांवर, हो. आत गावात शिरलात की गाडीचं पोट किती उंच आहे हाच प्रश्न उरतो. आपले गतिरोधक कुणी कसेही घातलेले असतात, पावसात खड्ड्यातलं लाल पाणी रस्त्याच्या रंगाचंच दिसतं आणि खोली कळत नाही. रात्री गुरं रस्त्यावर बसलेली असतात, कारण डांबर गरम आणि कोरडं असतं. काळी गाय आणि ओलं डांबर हेडलाइटमध्ये वेगळं दिसत नाही. त्यामुळे कुणी स्पोर्ट्स कार घेऊन आलं की मी पहिल्यांदा लाइटांबद्दल विचारतो.

भारतात विकल्या गेलेल्यांपैकी तुमची निवड?

२००४ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस इथे टर्बो पेट्रोलची गोडी लावणारी गाडी होती, १५० अश्वशक्तीची. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली आणि तिने कमी पैशांत वेगाने बदलणारा डीएसजी गिअरबॉक्स दिला. २०१५ ची अबार्थ पुंटो १४५ अश्वशक्तीची होती, तिची किंमत फार कमी लोकांनी ओळखली. माझी निवड मात्र पॅलिओ १.६. तिच्यात मी शिकलो, म्हणून हे मत पूर्णपणे तटस्थ नाही.

घाटात सर्वांत महत्त्वाचं काय?

ब्रेक. याबद्दल मी थोडा जास्त लिहिणार आहे.

मित्राची सेडान होती, दीडशेच्या आसपास अश्वशक्तीची. बेळगावहून परतताना मी चालवत होतो. बेळगावची भाजी घेऊन गोव्यात उतरणारे टेम्पो पुढे होते, मी दर वळणाआधी ब्रेक मारत, मग पळवत, मग पुन्हा ब्रेक मारत खाली येत होतो. अंजुण्याच्या धरणाचं पाणी झाडांतून दिसायला लागतं तिथे आधी जळका वास आला. पुढच्या वळणाला पेडल ओल्या स्पंजावर पाय ठेवावा तसं खाली गेलं. पुन्हा दाबलं, आणखी खाली गेलं. सेकंड गिअर टाकला, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक थोडा थोडा ओढत डावं चाक डोंगराच्या बाजूच्या गटारात घातलं तेव्हा गाडी थांबली. शेजारी बसलेला मित्र बराच वेळ काही बोलला नाही.

ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषून घेतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ओलच असते. डॉट ४ प्रकारचं ताजं ऑईल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषलेल्या ऑईलसाठी तीच किमान मर्यादा १५५ वर येते. सतत ब्रेक मारून ते उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, चाकापर्यंत जोर पोचतच नाही. त्या गाडीचं ऑईल चार वर्षांत बदललं नव्हतं आणि मी उतरत होतो चौथ्या गिअरमध्ये. दोन्ही चुका माणसांच्या. ऑईल दर दोन वर्षांनी बदला, आणि ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

पावसात तुम्ही घाटात जाता का?

जातो, हळू. धुकं उतरलं की जात नाही.

जुनी गाडी बघायला गेल्यावर काय तपासू?

म्युझिक आणि एसी बंद करायला सांगा. ओळखीच्या, वळणांच्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने चालवा आणि हात सैल ठेवून पाहा, स्टिअरिंगचं वजन वळणात बदलतं का. रिकामा रस्ता पाहून ब्रेक एकदा जोरात आणि पाच-सहा वेळा लागोपाठ दाबा. पेडल पहिल्या वेळी जिथे घट्ट झालं तिथेच सहाव्या वेळी व्हायला हवं. परत आलात की मालक बॉनेट उघडून चकचकीत इंजिन दाखवू लागेल, तुम्ही आधी पुढच्या चाकाशी वाका. टायरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. बाहेरची कड शाबूत आणि आतली गुळगुळीत असेल तर अलाइनमेंट गेलेली आहे किंवा सस्पेन्शनला कधीतरी मार बसला आहे. मग टायरच्या बाजूला लंबगोलात कोरलेले चार आकडे शोधा. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी नवी दिसली तरी इतकी वर्षं उन्हात उभा राहिलेला टायर कडक होतो, नखाने दाबून बघा.